बासष्ट टक्क्यांवर

राऊटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यासाठी वसंतरावांनी रविवारी दुपारी तीनची वेळ निवडली, कारण त्या वेळी कुसुमताई झोपलेल्या असत.

नांदेडच्या तंत्रनिकेतनात एकतीस वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवलेल्या माणसाने लातुरातल्या स्वतःच्याच घरातल्या डबीला चोरून हात लावावा, ही गोष्ट लौकिकाला शोभणारी नव्हती. पण गेल्या सहा महिन्यांत त्यांच्या दुरुस्तीनंतर मिक्सर उलटा फिरू लागला होता आणि गीझर नेमाने गार पाणी देत होता. तेव्हा कुसुमताईंनी निकाल सुनावला होता, "आता आणखी एक वस्तू बिघडू द्या, तुमची हत्यारांची पेटी शिरूर अनंतपाळला भीमाशंकरकडे जाईल." भीमाशंकर हा कुसुमताईंचा धाकटा भाऊ. तो पेचकसाने नारळाचे डोळे फोडत असे. ती पेटी वसंतरावांनी पहिल्या पगारातून घेतली होती.

राऊटरला हात लावण्याचे कारणही कुसुमताईंच्याच फायद्याचे होते. त्या निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका. लातुरात राहून क्लास लावणे ज्यांना परवडत नाही, अशा जळकोटकडच्या अकरा मुलींना त्या दर रविवारी पाच वाजता ऑनलाइन शिकवत. शिकवताना चित्र मध्येच गोठे आणि पेशीविभाजन अर्ध्यावर राही.

वसंतरावांनी तयारीत कसूर ठेवली नाही. कागदावर नऊ पायऱ्या लिहिल्या. डबीच्या तळाची आवृत्ती भिंगाने वाचली. वीज गेली तरी काम अडू नये म्हणून राऊटर इन्व्हर्टरच्या प्लगला जोडला. बटण दाबले आणि लॅपटॉपवर टक्क्यांचा आकडा चढू लागला. चाळीस. पंचावन्न. बासष्ट.

तेवढ्यात खिडकीच्या काचा खडखडल्या. जमीन हलली.

लातुरात भूकंपाचे साल पाहिलेल्या माणसाला अशा वेळी विचार करावा लागत नाही. वसंतराव अंगणात पोहोचले तेव्हा आपण खुर्ची पाडून आलो, हेही त्यांना ठाऊक नव्हते. पाहतात तो कुसुमताई त्यांच्याही आधी तिथे उभ्या.

"तू झोपली होतीस ना?"

"तुळशीला पाणी घालायला आले," त्या म्हणाल्या. हातात तांब्या नव्हता.

कोपऱ्यावरून रोड रोलर वळला. नव्या कोचिंग क्लासची इमारत उभी राहत होती, तिच्यासमोरचा रस्ता दाबायला तो निघाला होता.

"अगंबाई! रोलरला भिऊन पळालात होय?" कुसुमताई मोकळ्या हसल्या. "वरच्या मुलींना सांगायलाच हवं." वरच्या मजल्यावर वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या चार मुली भाड्याने राहत. हसता हसता कुसुमताई लगबगीने आधी आत गेल्या.

वसंतराव मागाहून खोलीत आले. डबीवर एकच तांबडा दिवा स्थिर जळत होता. पडद्यावर आकडा नाही, इंटरनेट नाही, काहीच नाही. घड्याळात तीन वीस झाले होते.

त्यांनी दार लोटून नांदेडला हनीफला फोन लावला. हनीफ त्यांचा जुना विद्यार्थी. मोबाइल आणि राऊटर दुरुस्तीचे त्याचे दुकान चांगले चालत होते. प्रात्यक्षिकात वसंतरावांनी त्याला दोनदा नापास केले होते.

"सलाम सर! आज कशी याद आली?"

"एका ओळखीच्या गृहस्थांचा राऊटर इन्व्हर्टरवर असूनही अपडेट होताना बंद पडला आहे," वसंतराव हळू आवाजात म्हणाले.

"गृहस्थ कुजबुजून का बोलून राहिले सर?"

हनीफने हसू दाबले.

"हरकत न्हाई. मेला नसतो तो, बेशुद्ध असतो. लॅपटॉप तारेने जोडा. त्यात आयपीचा पत्ता हाताने टाका, मी सांगतो तो. आता डबी बंद करा, मागच्या भोकात टाचणी दाबून धरा आन् तशीच चालू करा. दहा मोजा मग सोडा."

वसंतरावांनी मनगटावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पाहत बरोबर दहा मोजले आणि टाचणी काढली. दिवा तांबडाच. पुन्हा केले. पुन्हा तांबडा.

"सर, किती मोजले?"

"दहा. अचूक."

"अहो सर, दहा म्हंजे अंदाजे! घड्याळाकडं नका बघू, दिव्याकडं बघा. तो लुकलुकला की सोडा. तुम्ही शिकवायचे ना, यंत्र काय म्हणतंय ते ऐका म्हणून? आता तुम्हाला किती मार्क देऊ?"

तिसऱ्या खेपेला चौदाव्या सेकंदाला दिवा लुकलुकला. वसंतरावांनी लॅपटॉपवरून सॉफ्टवेअरची फाइल धाडली. ती जात असताना हनीफने सहज विचारले, "पन सर, गृहस्थांचा राऊटर इन्व्हर्टरवर होता म्हणता. मग लाईट जाऊन बी बंद कसा पडंल? कोनीतरी मेन आन् इन्व्हर्टर, दोन्ही बटणं पाडली असतील."

वसंतरावांच्या हातातली टाचणी तशीच राहिली. दाराशेजारच्या विजेच्या फळ्यावर त्यांनीच भूकंपानंतर लिहून चिकटवलेली सूचना होती. धक्का जाणवताच प्रथम मुख्य स्विच पाडावा, आणि इन्व्हर्टर आल्यावर खाली जोडलेली दुसरी ओळ, तोही पाडावा. ती सूचना पाळणारे घरात एकच माणूस होते, आणि आत येताना त्याने बटणे गुपचूप वर केली होती.

चार चाळीसला दिवा हिरवा झाला. पण सारे कोरे झाले होते. नाव कंपनीचे, परवलीचा शब्द कंपनीचा. जुना शब्द गेल्या महिन्यात कुसुमताईंनी बदलला होता आणि वसंतरावांच्या फोनमध्ये स्वतःच घातला होता; वसंतरावांना तो ठाऊक नव्हता. तो परत बसवल्याशिवाय कुसुमताईंचा वर्ग सुरू होणार नव्हता.

कुसुमताई आरशासमोर पिन लावत होत्या.

"वायफायचा शब्द सांग."

"तुमच्या फोनात आहे की." मग त्या वळल्या. "काय केलंत?"

"मी? काही नाही." वसंतरावांनी घसा साफ केला. "फक्त विचारायचं होतं, मघाशी इन्व्हर्टरचं बटण कोणी पाडलं?"

पिन हातात राहिली.

"तुमचीच सूचना आहे ती."

"आहे. पण रोलरला भिऊन कोण पळालं, हे वरच्या मुलींना सांगायचं होतं ना?"

"आणि राऊटर कोणी उघडला, हे भीमाशंकरला सांगू?"

पाचला बारा मिनिटे होती.

"आज दुपारी या घरात काहीही घडलं नाही," कुसुमताई शेवटी म्हणाल्या.

"रोलरसुद्धा आला नाही," वसंतराव म्हणाले.

"पेटी राहील. लिहून घ्या शब्द."

पाचला वर्ग भरला. वसंतराव दाराआड वर्तमानपत्र घेऊन बसले. जळकोटच्या हुमाचा आवाज आला, "मॅडम, आज चित्र लई साफ दिसून राहिलंय! अजिबात अडकंना. काय केलं?"

वसंतरावांनी वर्तमानपत्र खाली केले. एकतीस वर्षांच्या नोकरीत इतके सरळ प्रशस्तिपत्र त्यांना कोणी दिले नव्हते.

कुसुमताईंनी दाराकडे पाहिले. ओठ किंचित हलले.

"आम्ही काहीच नाही गं केलं," त्या म्हणाल्या. "कंपनीनेच सुधारलं असेल. हं, गुणसूत्रं काढा."

वसंतरावांनी वर्तमानपत्र पुन्हा वर धरले. ते उलटे होते.