लॅकरखालचा हात

बाबांची एक सवय मुलीला शेवटपर्यंत मोडता आली नाही. गाडीचं अॅल्युमिनियमचं चाक घासून, धुऊन, वाळवून झालं, की पारदर्शक लॅकर मारण्याआधी ते त्यावर उघडा तळहात टेकवून बघायचे. घामात मीठ असतं, ते लॅकरखाली अडकलं की धातू कुरतडतं, हे रसायनशास्त्र शिकलेल्या मुलीनं नाना तऱ्हांनी सांगून पाहिलं. ते हसायचे. "माझ्या घामावर घर चाललं, चाकाचं काय बिघडतंय?"

ते गेले आणि दोन वर्षांनी त्यांच्या हातची चाकं वर्कशॉपमध्ये परत येऊ लागली. वरून लॅकर गुळगुळीत. खाली गंजाचे केसाएवढे पांढरे धागे नागमोडी पसरलेले. जरा लांबून पाहिलं, की पंजा. तर्जनी अर्धीच. बाबांची बाकीची लेथ मशीननं कधीकाळी नेली होती.

मुलगी लॅकर उतरवायची, धागा न् धागा घासून काढायची, शुद्ध पाण्यानं धुऊन भट्टीत वाळवायची आणि हातमोजे घालूनच नवं लॅकर द्यायची. तरी सुईणबाईंच्या गाडीचं एक चाक तीन महिन्यांत परत आलं. तोच पंजा, तीच अर्धी तर्जनी. तिनं पाणी, भट्टी, हातमोजे सगळं तपासलं. चूक सापडेना.

आई चाकापाशी स्टूल ओढून बसली. "बाकीचे सगळे पुसलेस. हा एक राहू दे."

सुईणबाईंना दुसरं चाक देऊन मुलीनं हे वाळवणीच्या कपाटात ठेवलं. कोरड्या हवेत हा गंज वाढत नाही. आई रोज दुपारी कपाट उघडून आपला वाकड्या करंगळीचा हात त्यावर ठेवून बसायची. मुलीनं अडवलं नाही. लॅकरच्या वरून घामाचं काही चालत नाही.

पंधरा दिवसांनी तिनं भिंगातून पाहिलं. लॅकरवर ओरखडाही नव्हता. बाबांचा पंजा होता तेवढाच होता. शेजारी दुसरा उमटला होता, लहान, वाकड्या करंगळीचा, आणि त्याची बोटं बाबांच्या बोटांपर्यंत पोचायला नखभरच बाकी होती.

बाबा गेले ते गेले; आई एकच उरली होती. ही बोटं भेटता कामा नयेत, एवढंच तिला कळत होतं. तिनं पॉलिशपेपर ओला केला आणि लहान पंजावर घासायला सुरुवात केली.

दारात आई आपला तळहात चोळत उभी होती.

"हळू गं," ती म्हणाली. "लागतंय."