चिमूटभर मिश्री

दाढ दुखते म्हणून दुसरीतली रुक्मी सकाळपासून मुसमुसत होती. निपाणीजवळच्या त्या खेड्यात दाढदुखीवर एकच औषध होतं, आणि ते बहुतेक बायकांच्या कनवटीला असे. सुलाबाई मास्तरीण असल्या तरी त्याच गावच्या. त्यांनी आपली डबी उघडली, चिमूटभर मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, रुक्मीच्या दाढेवर दाबली आणि त्या फळ्यावर बेरजा घालायला वळल्या. लाळ थुंकून टाक, हे सांगायचं राहिलं. घरोघरी तंबाखू भाजणाऱ्या गावात हे कोण कुणाला सांगतं?

थोड्या वेळानं पोरीला गरगरायला लागलं, घाम फुटला. "बाई, हिला तंबाखू लागली," म्हणत मुलं हसली. सुलाबाईही हसल्या. लहानपणी त्यांनाही लागली होती. निजलं की उतरते. त्यांनी तिला कोपऱ्यात उताणी निजवलं आणि पाढे सुरू केले. सातचा पाढा संपल्यावर बघायला गेल्या, तर रुक्मी गुंगीतच ओकली होती. ओकारी घशात अडकून श्वास थांबला होता. सायकलवरून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

हे १९८३ सालचं.

चौथ्या दिवशी सुलाबाई रुक्मीच्या आईच्या, तानीबाईच्या दारात जाऊन बसल्या. झालं ते सगळं सांगितलं. वखारीत तंबाखू निवडणारी ती बाई ऐकता ऐकता पदरावरचा चुरा झटकत होती. मग म्हणाली, "बाई, मी बी हेच केलं असतं."

तेवढाच आधार धरून सुलाबाईंनी हे आरोग्य केंद्रातल्या नर्स जयाबाईंना सांगितलं. जयाबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"आईला कळत न्हाय म्हणून तर ती पोर तुमच्याकडं धाडती, आक्का. तुम्हाला बी तिच्याएवढंच कळत असंल, तर शाळा कशाला?"

प्रशिक्षणाच्या दोन वर्षांत सुलाबाईंनी पाठांची टाचणं काढली, बालमानसशास्त्र घोकलं. मूल बेशुद्ध पडलं तर आधी काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी तेच शिकवायला जयाबाईंना बोलावलं. पाच शिक्षकांपैकी दोघे थांबले. हेडमास्तर मारुतीराव, वरून सर्क्युलर आलेलं नाही, असं म्हणून घरी गेले. दाखवण्यासाठी कुणीतरी निजायला हवं होतं. सुलाबाई फरशीवर आडव्या झाल्या. जयाबाईंनी त्यांचा गुडघा दुमडला, खांदा धरून कुशीवर वळवलं, तोंड खाली कललं.

"झालं. आता ओकारी घशात अडकत न्हाय."

"एवढंच?" सुलाबाईंनी विचारलं.

"एवढंच."

त्या उठल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून तशाच पडून राहिल्या. थांबलेले दोघे मान खाली घालून उभे होते.

त्यानंतर सुलाबाईंनी मिश्री सोडली. त्यानं काही भरून येत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

मूल शाळेत घालताना आपण मास्तरांची पदवी विचारतो. पोराला चक्कर आली तर काय कराल, हेही विचारायला हवं. तंबाखू हे पोरांचं औषध नव्हे, आणि मुलाचा जीव कसा राखायचा हे शिकवल्याशिवाय कुणालाही वर्गावर धाडू नये. जयाबाईंना ते शिकवायला पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती.