अकरा सदरे

भाच्याचं पुस्तक उद्या छापायला जाणार होतं. त्याआधी आत्याने एकदा वाचावं म्हणून तो कागदांचा गठ्ठा माझ्या शिलाई मशीनवर ठेवून गेला. थोड्या आठवणी, थोडा इतिहास, थोडी कादंबरी, असलं काहीतरी. हातातलं काम बाजूला सारून मी चष्मा चढवला.

चाळिसाव्या पानावर तळपायाची आग मस्तकात गेली. ‘कारखान्याच्या फाटकाशी गोळीबारात मेलेले अकराही जण बाहेरचे दंगेखोर होते. वस्तीत त्यांना कुणीही ओळखलं नाही.’

बाहेरचे म्हणे! अख्ख्या वस्तीत शिवणारी मी एकटी. त्या अकराही जणांच्या अंगावर माझ्या हातचे सदरे होते.

पुढे आठवणींत लिहिलं होतं, ‘त्याच आठवड्यात बाप आम्हाला टाकून निघून गेला. हे मी कधीच माफ करणार नाही.’

संध्याकाळी तो आला तेव्हा मी कागद त्याच्यापुढे आपटले.

“गाढवा, बाहेरचे होते हे कुणी सांगितलं तुला?”

“चिडतेस काय? पुरावा आहे, आत्या. चौकशीतला जबाब.” त्याने पिशवीतून नक्कल काढली. “खालची सही काही लागत नाही बघ.”

मला लागली. माझीच होती.

तेव्हा चौकशीच्या साहेबांनी टेबलावर अकरा सदरे मांडले होते, रक्त वाळलेले. बाहेर पोलिसांची गाडी उभी. मेलेल्याचं नाव कळलं की त्याच्या घरच्यांना उचलून त्या गाडीत कोंबत होते. मी एकेक सदरा उलटून पाहिला आणि अकरा वेळा म्हणाले, “ही शिलाई माझी नाही.” सातव्याला आवाज जराही हलला नाही, याची आजही चीड येते. घरी येऊन वहिनीला सांगितलं. पाळण्यातल्या पोराला पुढे काय सांगायचं, ते दोघींनी मिळून ठरवलं.

गाडी महिन्याभरात गेली. गोळ्या झाडणारे सुखाने निवृत्त झाले. वहिनीही गेली. मी मात्र तोंडाला कुलूप लावून बसले, आणि माझ्याच जिवावर त्यांचं खोटं आता पुस्तकात चाललं होतं!

मी ट्रंकेतून मापांची जुनी वही काढली. “वाच.”

“छाती अडतीस. गळा पंधरा. डावी बाही अर्धा इंच आखूड.” त्याने वर पाहिलं. “कुणाचं माप?”

“तुझ्या बापाचं. तो कुठेही गेला नव्हता. सातवा सदरा त्याचा. सही माझी. मी खोटं बोलले, असं माझ्या नावानिशी छाप.”

त्याने त्या मापांवरून एकदा बोट फिरवलं. मग पेन्सिल काढून त्याने चाळिसाव्या पानावरची दोन्ही वाक्यं खोडली. आठवणींतलं बापाचं वाक्यही खोडलं. पुढच्या ‘हे मी कधीच माफ करणार नाही’पाशी हात थांबला.

“ते राहिलं,” मी म्हणाले.

“राहू दे,” तो म्हणाला. “ते आता तुझ्यासाठी आहे.”