न घेतलेल्या रजा

शुशानने भट्टीच्या खोलीकडे एकदा वळून पाहिलं आणि सोबत काम करणाऱ्या गुनवोरच्या खुंटीवरच्या कोटात हात घातला. किल्ल्या, एक हातमोजा, खोकल्याच्या गोळ्या. आतल्या खिशात एक हिरवी वही होती. तिने पिठाच्या बोटांनीच पानं उलटली. जुलैच्या पानावर रोजच्या तारखेपुढे एकच नोंद होती, 'शु. कामावर.' ऑगस्टमध्ये तेच. मागच्या वर्षीच्या जुलैतही तेच.

तिने वही होती तशी ठेवली. हिरव्या पुठ्ठ्यावर अंगठ्याचा पांढरा ठसा उमटला होता. तो बाहीने पुसायला गेली तर जास्तच पसरला.

परवाना कार्यालयाचा निकाल येऊन सहा दिवस झाले होते. चार वर्षांपूर्वी शुशान आर्मेनियाहून स्वीडनमधल्या या तळ्याकाठच्या गावात आली, ती एस्किलच्या बेकरीत कामाचा परवाना घेऊन. या खेपेला मुदत वाढली असती तर पुढे कायमचं राहता आलं असतं. ती वाढली नाही. कामगाराने वर्षाला निदान चार आठवडे रजा घ्यायलाच हवी, या बाईने दोन वर्षांत एकही दिवस घेतलेला नाही, आणि अशा अटींच्या नोकरीवर परवाना देता येत नाही, असं निकालात लिहिलं होतं. खाली एक साधं वाक्य होतं: ही माहिती कामाच्या ठिकाणाहून आलेल्या पत्रातून मिळाली. अपिलाला तीन आठवडे होते. ते फसलं तर मुलीला घेऊन देश सोडायचा. मुलगी नारे नववीत होती, आणि हल्ली आईशी भांडायचं असलं की ती स्वीडिशमध्येच भांडायची.

बेकरीत माणसं तीनच. शुशानने स्वतः पत्र लिहिलेलं नव्हतं. मालक एस्किल म्हणजे देवमाणूस. मग उरलं कोण, हे सांगायला काही ज्योतिषी लागत नव्हता.

शिवाय गुनवोरची लक्षणं आधीपासून होतीच. मधोमध भोक असलेल्या राय धान्याच्या भाकऱ्या दांडीवर ओवता ओवता ती महिन्यातून एकदा हटकून विचारायची, "रजेवर कधी जातेस?" इतकी काळजी कशाला? गुनवोरच्या बहिणीची नोकरी गेल्या वर्षी सुटली होती, हे आठवलं, तिला आपली जागा तर हवी नाही ना, असं वाटलं आणि शुशानच्या मनात पाल चुकचुकली. एकदा चुकचुकली ती मग थांबेना. गुनवोर खिडकीशी फोनवर बोलली तरी शुशानचं लाटणं हळू व्हायचं.

साडेनऊला कॉफी झाली. या देशात भूकंप झाला तरी साडेनऊची कॉफी चुकत नाही. एस्किलने वेलदोड्याचे पाव मांडले, गुनवोर कोट हातात घेऊनच आली आणि तिने ती वही टेबलावर ठेवली.

"गोळ्या हव्या होत्या तर मागायच्या," ती म्हणाली. "खिसे कशाला चाचपायचे?"

शुशानचे कान तापले, पण आता माघार घेण्यात अर्थ नव्हता.

"माझ्या रजा तुझ्या वहीत कशाला?"

"कारण तू लिहून ठेवत नाहीस! युनियनला दाखवणार होते. किती वेळा सांगितलं बाई, इथे रजा घ्यावीच लागते. न घेणारा माणूस काही शूरवीर ठरत नाही."

"मग दाखवलीस?"

"नाही. तू म्हणालीस, साठवतेय, आईकडे तीन महिने जायचंय. म्हटलं, आपण कशाला नाक खुपसा."

"आणि कार्यालयाला?"

गुनवोरच्या हातातला पाव तसाच राहिला. "मी?" ती म्हणाली. "मी लिहिलं म्हणतेस?"

शुशानने नुसतं वहीकडे बोट केलं. बोलला एस्किल. सत्तरीचा हा माणूस एरवी पिठाच्या पोत्यालाही हळू हात लावायचा, त्याने टेबलावर मूठ आपटली.

"माझ्या बेकरीत चुगली! शुशान, तू ते पत्र मागव. सरकारी कचेरीत कागद गेला की तो सगळ्यांचा, कायदाच आहे तसा. कुणीही नक्कल मागावी. तू कोण, कशाला हवी, हे विचारायचीसुद्धा त्यांना बंदी आहे. मागव, मग बघू कुणाचं तोंड काळं होतंय ते."

"मागवाच," गुनवोर म्हणाली. "मलाही बघायचंय."

चोराच्या उलट्या बोंबा, असंच शुशानला वाटलं. तिने तिथेच फोन काढला. ईमेलचा मजकूर एस्किलने सांगितला, स्पष्ट, शब्दाशब्दाला थांबून. कायद्याचं नाव त्याला तोंडपाठ होतं. आपल्या देशात काही लपवता येत नाही याचा त्याला केवढा अभिमान!

पुढचे चार दिवस फार वाईट गेले. एस्किल टेबलावर दोनच कप मांडू लागला. बावीस वर्षं त्याच टेबलाशी बसलेली गुनवोर घरून थर्मास आणून भट्टीपाशी पोत्यावर बसायची. भांडली नाही, की कामाचा एक तास चुकवला नाही. शुशानला आधी बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी तितकंसं बरं वाटेना, तेव्हा तिने निकालाचा कागद पुन्हा एकदा वाचून राग ताजा करून घेतला.

शुक्रवारी पाकीट आलं. कॉफीची वेळ होती. शुशानने हात पुसले, सुरीने पाकीट उघडलं. आत एकच कागद होता. ती उभ्यानेच वाचू लागली.

'मला कोणी सांगितलेलं नाही, आपणहून लिहितो आहे. तुमच्याकडे शुशानबाईंचा अर्ज आला आहे म्हणून. बत्तीस वर्षांत मला असं माणूस मिळालं नाही. दोन वर्षांत त्यांनी एक दिवससुद्धा रजा घेतली नाही. मिडसमरच्या सणाला अख्खा देश नाचत असतो, तेव्हाही इथली भट्टी त्यांनीच पेटवली. कार्यालयाला सगळं खरं ठाऊक असावं म्हणून हे कळवतो. अशी माणसं या देशात राहायला हवीत.'

खाली सही होती. प्रत्येक भाकरीच्या वेष्टनावर छापलेली, लांब शेपटाची सही.

शुशानने पुन्हा वाचलं. तिला हसू येतंय की रडू, ते कळेना. राग यावा म्हणून ती थांबून राहिली, पण राग कुणाचा करायचा? या भोळ्या माणसाला वाटलं, सरकारला खरं सांगितलं की सरकार खूश होतं. आणि मग लाज आली. ती मात्र थेट गुनवोरच्या पोत्याच्या दिशेने आली. तिकडे तिला बघवेना.

"कोण आहे?" एस्किल म्हणाला. "बोल. भिऊ नकोस, मी आहे."

त्याने उठून तिच्या हातातला कागद घेतला, चष्मा शोधला, तो कपाळावरच होता. वरचा बेकरीचा शिक्का दिसला मात्र, आणि म्हातारा खुलला.

"अगं, हे तर माझंच! तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं, उगीच संकोचली असतीस. पोचलं म्हणायचं त्यांना! अपिलाच्या वेळी असंच आणखी एक झकास लिहितो." त्याने कागद न वाचताच टेबलावर ठेवला आणि हात पुढे केला. "ते दुसरं, चुगलीचं, कुठंय?"

गुनवोर पोत्यावरून उठून आली. तिने कोणाला न विचारता कागद उचलला. वाचताना तिचे ओठ हलत होते, मध्येच एका ओळीवर ते थांबले. तिने एस्किलकडे पाहिलं. तो हात पसरून तसाच उभा होता, कौतुकाने लाल झालेला. मग तिने शुशानकडे पाहिलं, बराच वेळ. त्याला खरं सांगायला तिथे एक वाक्य पुरलं असतं. ते गुनवोरला बोलता आलं असतं, शुशानलाही.

"दुसरं..." शुशान म्हणाली. "दुसरं मागून येणार आहे. उद्या."

गुनवोरने कागदाची नीट घडी घातली आणि शुशानच्या एप्रनच्या खिशात सरकवली.

"उद्या टपाल नसतं," ती म्हणाली. "सोमवारी येईल."