ब्रेंटनच्या गाडीचं इंजिन

अल्विन पॅस्कोने रुमालाला थुंकी लावली आणि वाकून इंजिनाच्या बाजूवरची माती घासायला घेतली. वय एक्याऐंशी, गुडघे कुरकुरत होते. पण पोर्ट ऑगस्टाच्या पोलीस आवारात उभ्या असलेल्या त्या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला चालणार नव्हता. छप्पर चेपलं होतं, टायर कुजून गेले होते, पांढरा रंग फक्त दाराच्या आतल्या कडेला उरला होता. मागे सार्जंट निकोलाऊ कागद घेऊन उभी होती.

घोटाळा कागदात होता. उत्तरेकडच्या एका दरीत बकऱ्या हाकणाऱ्या माणसाला ही गाडी सापडली, आत आणि आसपास हाडंही. गाडीवरची ओळखपट्टी अल्विनच्या हरवलेल्या मुलाच्या, ब्रेंटनच्या गाडीची होती: १९८५ची होल्डन कंपनीची कमोडोर, व्हीके मॉडेल, जोडणी एलिझाबेथ गावच्या कारखान्यातली. पण नोंदीत इंजिन एक होतं आणि बॉनेटखाली निघालं भलतंच. खात्री करायला बापाला बोलावलं होतं.

रुमालाखालून अक्षरं वर आली. अल्विनला ती पुरी वाचावी लागली नाहीत. एलिझाबेथच्या कारखान्यात एकतीस वर्षं घालवलेल्या माणसाला झाकणाचा आकार पुरे होता.

"निसानचं," तो म्हणाला. "तीन लिटर. पुढच्या व्हीएल मॉडेलमध्ये यायचं."

"म्हणजे ही तुमच्या मुलाची गाडी नाही?"

अल्विन ड्रायव्हरच्या बाजूला गेला. दाराच्या खाचेत शिशाचा एक जाड ओघळ होता. तो त्याने स्वतः झाळला होता, ब्रेंटनच्या अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी.

"त्याचीच आहे," तो म्हणाला.

व्हीके म्हणजे जुनं, रांगडं, होल्डनचं स्वतःचं सहा सिलिंडरचं इंजिन. त्यानंतर आली व्हीएल. अंग तेच, पण इंजिन जहाजातून जपानहून आलेलं. दोन वर्षांनी व्हीएन आली आणि जपानी इंजिन गेलंही, पण ती दोन वर्षं अल्विनच्या घशाखाली कधी उतरली नाहीत. त्याचा बाप महायुद्धात जपान्यांच्या कैदेतून परतला तेव्हा त्याचं वजन चाळीस किलो भरलं होतं. कारखान्यात अल्विनने व्हीएलची दारं बसवली, कारण पोट होतं. पण आपल्या अंगणात ते इंजिन उभं राहणार नाही, हे त्याने जेवणाच्या टेबलावर बजावून ठेवलं होतं. ब्रेंटन तेव्हा चौदा वर्षांचा होता. मान खाली घालून बटाटे खात होता.

आणि त्याच ब्रेंटनने, एकविसाव्या वर्षी, ते इंजिन बसवलं होतं. नीट बसवलं होतं. अल्विनने पाहिलं, प्रत्येक नळीला क्लिप होती, वायर पट्टीने गुंडाळून बाजूला बांधलेली होती. असं काम त्यानेच पोराला शिकवलं होतं.

सार्जंटने हळू आवाजात बाकीचं सांगितलं. सीटचा पट्टा तुटलेला नव्हता, कुणीतरी उघडलेला होता. बहुतेक हाडं गाडीपासून पंधरा पावलांवर, एका कपारीच्या सावलीत मिळाली. डॅशबोर्डवर स्क्रूड्रायव्हरने, दिवस मोजल्यासारखे, ओरखडे काढलेले होते.

"किती?" अल्विनने विचारलं.

"सहा."

त्याने डॅशबोर्डकडे पाहिलं नाही. फक्त म्हणाला, माझ्या बायकोला हे सांगू नका. सार्जंट म्हणाली, त्यांनी विचारलं नाही तर नाही सांगणार.

फाटकाबाहेर त्याची गाडी उभी होती, एलिझाबेथचा कारखाना बंद पडला त्या वर्षीची, शेवटच्या गाड्यांपैकी. त्याची बायको व्हर्ना आत बसली होती. आवारात यायला तिने साफ नकार दिला होता. उन्हामुळे एसी चालू, म्हणून इंजिनही चालू. मांडीवर फ्रिट्झ सॉसेजचे सँडविच होते, टोमॅटो सॉस लावलेले, घरून आणलेले. एकही उघडला नव्हता.

गाडीपर्यंतच्या चाळीस पावलांत अल्विनला क्लॅरी शुल्त्झ आठवला. दोन घरं सोडून राहायचा, पोर्ट वेकफील्डच्या रस्त्यावर पेट्रोल पंप चालवायचा, आणि जन्मभर फोर्ड फाल्कन चालवली म्हणून होल्डनवाल्या गल्लीची थट्टा सोसायचा. त्र्याण्णवच्या ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला ब्रेंटन मरे नदीवर मासे धरायला जातो सांगून निघाला. म्हणजे पूर्वेला. रविवारी तो परतला नाही तेव्हा सोमवारी क्लॅरी घरी आला होता, टोपी हातात धरून. शनिवारी तिन्हीसांजेला पांढरी कमोडोर पंपावरून उत्तरेला गेली, म्हणाला. पोरगा तुझाच वाटला. पण आवाज तुमच्या गाडीचा नव्हता, ती घरघर नव्हतीच, जपानी इंजिनाचा बारीक सूर होता.

तपास करणारा पोलीस तेव्हा स्वयंपाकघरातच बसला होता. अल्विन हसला होता. पोरगा हरवून दोन दिवस झालेले आणि तो हसला होता, ते हसू त्याला आता लख्ख आठवलं.

"फाल्कनवाल्याला होल्डनचा आवाज काय कळणार," तो म्हणाला होता. "माझ्या पोराच्या गाडीत जपानी इंजिन? खोडा ते."

पोलिसाने खोडलं. होल्डनच्या कारखान्यातला माणूस छातीवर हात ठेवून सांगत होता, कोण नाही म्हणणार? नऊ दिवस नदीचा काठ पिंजून काढला. क्लॅरी आणखी एकदा आला, अल्विनने दार उघडलं नाही. सहा वर्षांपूर्वी क्लॅरी गेला. अंत्यविधीला व्हर्ना एकटी गेली. व्हर्नाला यातलं काहीच माहीत नव्हतं. आधीच अर्धमेली झालेली बाई, तिला फुकाची आशा कशाला, असं अल्विनने स्वतःला समजावलं होतं.

तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला.

"त्याचीच?" व्हर्नाने विचारलं.

"हो."

तिने सँडविचच्या कागदाची घडी नीट केली. बराच वेळ केली.

"इंजिन बदललेलं होतं त्याने," अल्विन म्हणाला. आवाज कुणा परक्याचा वाटला त्याला.

"माहीत आहे मला."

त्याने वळून पाहिलं.

"तुझी दुपारची पाळी होती ते तीन आठवडे. कापुंडाला, माझ्या बाबांच्या शेडमध्ये, एकट्याने बसवलं. मी जेवण घेऊन जायची. सुरू झालं तेव्हा नाचला होता वेडा." ती समोर बघत बोलत होती. "म्हणाला, नाताळात सांगीन डॅडला, आधी मोकळ्या रस्त्यावर पळवून बघतो. मला शपथ घातली होती. पोरगा गेला, मग कशाला सांगायचं? तुझ्या मनात त्याच्याबद्दल राग तरी राहू नये मागे, म्हणून नाही बोलले."

अल्विनचे हात स्टिअरिंगवर होते आणि नखांत मातीची काळी रेघ होती.

"एवढं काय त्या इंजिनाचं?" ती म्हणाली. मग तिने तोच प्रश्न विचारला, जो ती दर ऑक्टोबरला विचारत आली होती आणि ज्याला त्याने दर ऑक्टोबरला एकच उत्तर दिलं होतं. "एवढ्या मोठ्या रस्त्यावर त्याला जाताना कुणी म्हणजे कुणीच कसं पाहिलं नाही, अल्विन?"

त्याने हात पुढे करून इंजिन बंद केलं. एसीचा वारा थांबला, ऊन आत येऊन बसलं.

"क्लॅरीने पाहिलं होतं," तो म्हणाला. "सांगायला आला होता. सोमवारीच, सुट्टी संपायचीही वाट न बघता. जपानी इंजिनाचा आवाज होता म्हणाला, म्हणून मी म्हटलं, आपली गाडी नाही."

त्याला वाटलं ती रडेल, निदान मारेल तरी. तिने सँडविच उचलून डॅशबोर्डवर ठेवले, सीटचा पट्टा उघडला आणि खाली उतरली. फाटकातून आत जाताना तिने सार्जंटला हाक मारली. मला सगळं बघायचं आहे, ती म्हणाली. सगळं.