कडक लिव्हर

धुळ्यात सायकल दुरुस्त करावी तर मगननेच, असं मगनला वाटायचं, आणि बऱ्याच लोकांनाही. मग समोर भूषणने दुकान थाटलं, काचेचं दार लावलं आणि लोकांचं मत बदललं. समोर गिऱ्हाईक शिरलं की मगनच्या पोटात दुखायचं. ते आपलं जुनं गिऱ्हाईक निघालं की तळपायाची आग मस्तकात जायची.

घरोघर दूध घालणारे अभिमन नाना आजवर मगनशिवाय कुणाला सायकलीला हात लावू देत नसत. तेच आज समोरून निघाले आणि मुद्दाम मगनच्या दारात थांबले.

“दाबी देख, मगन! भूषणनी नवी ब्रेक लिव्हर टाकी. कशी कडक शे! तुन्ही ते लोणीनामायक मऊ व्हती.”

मगनने दाबली आणि त्याला आनंदाची उकळीच फुटली. ही लिव्हर व्ही-ब्रेकची, भरपूर तार ओढणारी. नानांच्या सायकलला साधा कॅलिपर ब्रेक, थोड्या तारेवर चालणारा. हाताला कडक लागणार, पण रबर रिमला नुसतं टेकणार, धरणार नाही. पांझरा नदीच्या पुलाच्या उतारावर दुधाच्या कॅनसकट नाना आपटले, की भूषणच्या दुकानात कोण पाय ठेवणार? सुंठेवाचून खोकला जाणार होता.

“झकास शे, नाना,” तो म्हणाला.

नाना पुलाकडे वळले मात्र, मगन पाना टाकून धावला. कॅरिअर धरून त्याने सायकल अडवली.

“नाना, ही लिव्हर या ब्रेकले चालत नही. उतारवर जाऊ नका.”

“जळस तू, मगन! बठ्ठा बजारले माहीत शे.”

ते खरंच होतं. मगनने सरळ मागच्या चाकाची हवा सोडून दिली. नाना शिव्या घालत सायकल ढकलत भूषणकडेच गेले, ती तिथे लावून चहाला निघून गेले.

मगनने पहिल्यांदाच ते काचेचं दार ढकललं.

“लिव्हर आणि ब्रेकची जोडी बघायची असते रे. कडक म्हणजे चांगली नव्हे.”

भूषणने वाद घातला असता तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, “काका, ध्यानातच आलं नाही,” आणि लगेच लिव्हर काढायला बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना पुन्हा हजर.

“देख, आते जागावर थांबस! भूषणनी सोता चूक वळखी, सोता बदली दिधी. शिक काही त्यानाकडथीन!”

समोर काचेआड भूषणने मान खाली घातली. मगनने चाक फिरवून लिव्हर दाबली. मऊ होती, आणि चाक जागच्या जागी थांबलं.

“चांगली बसाडी शे त्यानी,” मगन म्हणाला. एवढं बोलताना जीव किती जळला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.