थोडी मागे सर

सोमवारी सकाळी कातळाच्या सड्यावर सीतेच्या आसवांचा, त्या इवल्याशा निळ्या रानफुलाचा, फोटो काढताना अच्युतरावांची बायको धूसर झाली, ती धूसरच राहिली.

अच्युतराव माणूस वाईट नव्हेत हो. पण कॅमेऱ्याला डोळा लावला, की फुलापलीकडचं जग त्यांच्या खिजगणतीत नसे. फूल ते नखाएवढं, आणि सड्यावरचा वारा मेला एक क्षण थांबत नाही. म्हणून एकतीस वर्षं सुहासिनीबाई फुलामागे पदर ताणून बसायच्या, श्वाससुद्धा रोखून. "झालं," असं ते म्हणाले की सोडायच्या. आणि दर वेळी ते आधी एकच सांगायचे, "हात येतोय तुझा. थोडी मागे सर."

त्या सोमवारी त्या जरा जास्तच मागे सरल्या. अच्युतरावांनी कॅमेरा खाली घेतला, तरी समोर हिरव्या लुगड्याचा डाग आणि वर केसांचा करडा डाग.

"झालं. ऊठ आता."

"उठलेच आहे हो कधीची," डाग म्हणाला.

घरी आल्यावर सुहासिनीबाईंनी चहा दिला. कप स्वच्छ दिसत होता, धरणारा हात मात्र पुसट. मंगळवारी त्यांची कड भिंतीत मिसळू लागली. बुधवारी अच्युतराव त्यांच्या अंगावरच जाऊन आदळले. ही अशीच गेली तर?

ॲपर्चर बारीक केलं की मागचंही स्पष्ट येतं, हे त्यांनी किती जणांना शिकवलं होतं! दुपारी अंगणात त्यांनी बाईंना उभं केलं, स्टँड लावला, फोटो काढला. भिंतीच्या भेगा आल्या, वळणीवरचे चिमटेसुद्धा मोजून घ्यावेत असे आले. बाईंच्या जागी नुसता ओघळ.

आता एकच उपाय उरला होता. फुलांसाठीचं भिंग वीतभर अंतरावरचंच नीट पकडायचं; ते त्यांनी कॅमेऱ्याला चढवलं.

"पुढे ये," अच्युतराव म्हणाले.

"पुढे? अहो, मी येईन की फोटोत."

"येच."

त्या आल्या. अच्युतरावांनी हळूहळू फोकस फिरवला. आधी पापण्या आल्या, मग डावा डोळा, तपकिरी, कडेला ओला. त्याखाली एक बारीक तीळ होता. हा कधीपासून आहे, देव जाणे! अच्युतरावांना रडूच फुटलं.

पण उजवा डोळा नुसता पुसट नव्हता, तो तिथे नव्हताच. तिथे अंगणाची भिंत दिसत होती. त्यांनी फोकस केसभर मागे घेतला. उजवा आला, तीळ गेला. घाबरून पुन्हा पुढे घेतला.

"हलू नकोस," ते कसेबसे म्हणाले.

सुहासिनीबाईंनी सवयीने श्वास रोखला.

वारा सुटला होता. भिंगातला तो एकच डोळा त्यांच्याकडे टक लावून 'झालं' ऐकायची वाट बघत होता. तो लाल होत चालला, भरून आला, आणि 'झालं' म्हटलं की ती हलेल, मग हाही डोळा जाईल, म्हणून अच्युतराव तो शब्द तोंडातून काढत नव्हते.